नांगर पडेपर्यंत सांगायचं नाही

भाट्ये, रत्नागिरी
१२ जून

राही,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आजी या वयात शिकलेली नाही. तोंड माझं, हात करुणा बाईंचा. बाई राजापूरच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. रिटायर झाल्या आणि आपल्या माडांपलीकडच्या त्या रिकाम्या घरात एकट्याच राहायला आल्या. मी त्यांना बजावलंय, बोलेन ते लिहायचं, सुधारायचं नाही. त्या म्हणाल्या, "काकू, तीस वर्षं पोरांचं सुधारलं, आता मलाच कंटाळा आलाय." म्हणजे जमलं आमचं.

फोन तू उचलत नाहीस. मनिषाने बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला ब्लॉक केलंय." म्हणजे काय गो, विचारलं. तर म्हणते, दाराला आतून कडी. म्हटलं, ठीक, मग दाराच्या फटीतून कागद सरकवू. आबांना तू स्वेटर पाठवला होतास त्या खोक्यावरचा पत्ता कापून ठेवलाय. गंगाराम पोस्टमन म्हणाला, आयर्लंड म्हणजे वीस दिवस धर. धरले. मला कुठे जायचंय?

बातम्या अशा. मासेमारीची बंदी लागली, बोटी वर ओढल्या. मागच्या रायवळ आंब्याला या वर्षी इतके आंबे की माकडंसुद्धा कंटाळली. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. बाईंच्या पडवीत चार वाजता इंग्रजीचा क्लास असतो, मोठ्या माणसांचा. मनिषा येते, तिला हॉटेलच्या काउंटरवर बोलायला लागतं. सर्वेश येतो, तो टुरिस्टांची रिक्षा चालवतो. आणखी दोघी-तिघी. मी कोपऱ्यात सुकट निवडत बसत्ये. सुकटीच्या वासाने इंग्रजी बिघडत नाही असं बाईंनी तपासून सांगितलंय. क्लास सुटला की मी सांगत्ये, त्या लिहितात.

मधे जे झालं ते झालं. तुझी परीक्षा होती. तीत नापास झाली असतीस तर त्या देशाने तुला परत पाठवलं असतं. एवढंच मनात होतं, दुसरं काही नाही.

जेवत जा.

आजी

भाट्ये
३ जुलै

राही,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर यायला अजून वीस दिवस, मला हिशेब कळतो. तरी गंगाराम दिसला की मी उगाच अंगणात येत्ये. तो लांबूनच मान हलवतो. परवा त्याला म्हटलं, "अरे, नुसती मान काय हलवतोस, घराघरात सांगत फिर, हिराला पत्र नाही म्हणून." तर थांबून चहा पिऊन गेला.

इंग्रजांनी काळाची किती दालनं केली आहेत गो! बाई म्हणतात, बारा. रोज घडतं त्याला एक, आत्ता घडतंय त्याला दुसरं, घडून गेलं पण अजून अंगाला चिकटलंय त्याला तिसरं. बाईंनी विचारलं, रोज घडतं असं एक वाक्य सांगा. मनिषा म्हणाली, सूर्य पूर्वेला उगवतो. सर्वेश म्हणाला, सूर्य पूर्वेला उगवतो. म्हटलं, दुसरं काहीच होत नाही का रे रत्नागिरीत? तर तो म्हणतो, "आजी, तुम्ही सांगा." मी म्हटलं, लिही, हिराबाई दोन माणसांचा भात टाकते.

सर्वेशने वही मिटली. मला हसवायचं होतं गो. कधीकधी गळ टाकावा मुडदुशासाठी आणि लागावं भलतंच, तसं झालं.

मग बाईंनी फळ्यावर लिहिलं, आय हॅव बीन वेटिंग. विचारलं, ही काय भानगड? म्हणाल्या, "काकू, हिने मागे कधीतरी वाट बघायला सुरुवात केली आणि अजून बघत्येय." म्हणजे तिकडच्या बायकाही धक्क्यावर उभ्या राहिल्या असणार. नाहीतर एका वाट बघण्यासाठी तीन-तीन शब्दांची जुळणी कोण करील?

आता ऐक. तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, "तू माझ्याशी तेरा दिवस खोटं बोललीस, आजी." बोलले. पण आपल्या घराची एक रीत आहे, ती तुला कधी कोणी सांगितली नसेल. माझ्या सासूने मला सांगितली होती. बोट बाहेर असली आणि घरात कोणी गेलं, तरी बोटीवर कळवायचं नाही. पुढे बोटीवर वायरलेस आले तरी नाही. खोल पाण्यातला माणूस बातमी घेऊन करणार काय? त्याचा हात सुटेल, पाय घसरेल. बोट बंदरात यायची, नांगर पडायचा, मग घरातलं मोठं माणूस पुढे व्हायचं आणि सांगायचं. माझा बाप गेला तेव्हा तुझे आबा चार दिवस गुजरातकडे होते. धक्क्यावर उतरले, मी त्यांच्या हातातली डबी घेतली, मग सांगितलं. ते रागावले नाहीत. रीत माहीत होती ना.

तू परक्या मुलखात, समोर परीक्षा, मग निकाल. मी तुला पाण्यावरच धरलं. आबा गेले त्याच दिवशी तुझा फोन आला. घर माणसांनी भरलेलं होतं. मी मागे विहिरीपाशी गेले. तू विचारलंस, आबा कुठेत? म्हटलं, धक्क्यावर गेलेत, जाळी शिवतायत. आणि पुढे रोज. आबा बसलेत. आबा झोपलेत. आबा खोकतायत, पण बरे आहेत. तुझा निकाल लागला की नांगर पडला म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

सर्वेशने तेराव्याला नाक्यावरच्या बॅनरचा फोटो स्टेटसला टाकला, आणि तुला आबा गेल्याचं त्या फोटोवरून कळलं. त्याच्यावर रागावू नकोस. तो अजून माझ्यासमोर मान वर करत नाही. बॅनरवर आबांना कोट कोणाचा घातला होता देव जाणे. आयुष्यात कोट घातला नाही माणसाने, मेल्यावर घातला.

आजी

भाट्ये
नारळी पुनवेचा दुसरा दिवस
१० ऑगस्ट

राही,

काल नारळ सोडला. आपल्याकडून सोडायला कोणी नव्हतं म्हणून मीच गेले. बायका म्हणाल्या, हिराबाई, तुम्ही? म्हटलं, समुद्र काय विचारतो, बाई की बुवा? बोटी आता जातील.

तुझं पत्र नाही.

फोन मी तांब्यात ठेवत्ये. वाजला तर घंटेसारखा घुमतो, परसात असले तरी ऐकू येतं. दिवसातून एकदा घुमतो. मी धावत येत्ये, तर एक मुलगी इंग्रजीत बोलते. रोज तीच. एकदा बाई घरी होत्या, त्यांना ऐकवलं. म्हणाल्या, "काकू, भविष्यकाळ आहे. तुमचा प्लॅन लवकरच संपेल, असं म्हणत्येय." म्हटलं, हे सांगायला तिला रोज कशाला यायला हवं, मला ठाऊक आहे. बाई हसल्या नाहीत. मग दोघी हसलो.

क्लासात आता जर-तर चाललंय. पहिलं जर-तर होण्यासारखं. पाऊस थांबला तर रिक्षा काढीन, असं सर्वेशचं. दुसरं नुसतं मनातलं. मनिषा म्हणाली, मी मॅनेजर असते तर सर्वेशला गेटवरूनच परत पाठवला असता. सगळे खिदळले. बाईंनी मला विचारलं, "काकू, तुम्हाला पंख असते तर?" मला वाटलं त्यांना ऐकायचंय की मी उडून आयर्लंडला आले असते. मी म्हटलं, मी कावळा झाले असते. लोकांनी पानं मांडून, हात जोडून, तासन्‌तास माझी वाट बघितली असती. आत्ता कोण बघतंय?

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हाही मी तुला आठ दिवस सांगितलं नव्हतं. मामाकडे गेलीय, म्हटलं होतं. हे परवा तांदूळ निवडताना आठवलं आणि सूप खाली ठेवलं. दोनदा केलं का गो मी तुला हे?

हे लिहू नका म्हटलं तर बाई म्हणतात, लिहून झालं.

आजी

भाट्ये
११ सप्टेंबर

राही,

आज क्लास अर्ध्यात सोडून आले. बाई मागून घरी आल्या, कागद घेऊनच. शहाण्या आहेत.

तिसरं जर-तर होतं. बाई म्हणाल्या, जे झालं नाही आणि आता होऊही शकत नाही, ते यात बसतं. बस चुकली नसती तर पोचलो असतो. छत्री नेली असती तर भिजलो नसतो. सगळ्यांनी भराभरा वाक्यं केली. बसची, छत्रीची, चावीची. माझ्या तोंडात वाक्य आलं होतं, तेव्हा मी सुकटीचं सूप उचललं आणि निघाले.

ते वाक्य आता सांगत्ये.

पहिल्या पत्रात मी म्हटलं, परीक्षा होती, दुसरं काही नाही. दुसऱ्या पत्रात सासूची रीत सांगितली. दोन्ही खरं आहे. पण ते दारातलं आहे, घरातलं अजून सांगितलं नाही.

आबांना तीन दिवस दम लागत होता. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वय झालं. अवसेच्या आदल्या दिवशी मी दिवा लावायला उठले तेव्हा ते उठून बसले. स्वतःहून. म्हणाले, "राहीला फोन लाव."

मी म्हटलं, "उद्या परीक्षा आहे तिची."

"दोन मिनिटं."

"तुमचा आवाज असा. ती घाबरेल. उद्या संध्याकाळी लावत्ये, पेपर झाल्यावर."

"बरं," म्हणाले. भिंतीकडे तोंड करून निजले. आयुष्यात माझं इतक्या लवकर ऐकलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन गेले तर हात गार.

फोन माझ्या कमरेलाच होता, राही. पदरात खोचलेला. मला नंबर कुठे वाचता येतात, पण तुझा फोटो दाबला की लागतो एवढं तूच शिकवून गेली होतीस. एक बोट लावायचं होतं.

मेलेल्या माणसाचं बोटीवर सांगू नये, ही रीत. जित्या माणसाला बोलू देऊ नये, अशी रीत कुठल्याच घरात नाही. ती मी काढली. आणि ते झाकायला पुढचे तेरा दिवस सासूची रीत पुढे केली. म्हातारी बिचारी वर बसून म्हणत असेल, माझं नाव कशाला घेतेस.

त्यांना काय बोलायचं होतं ते मला ठाऊक नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलंय. मी म्हटलं, उचला, अजून एक ओळ आहे. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. एवढं वाचलंस असं कळलं तर बरं.

आजी

भाट्ये
१७ ऑक्टोबर

राही,

आज सांगण्यासारखं काही नाही. बाईंना म्हटलं, तरी कागद घ्या.

मनिषाला हॉटेलात बढती मिळाली. ती पेढे घेऊन आली आणि माझ्याशी इंग्रजीतच बोलली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी सगळ्याला येस म्हटलं. आता कळतंय की मी पुढच्या रविवारी तिच्याकडे सोलकढी करायला जायचं कबूल केलंय.

बांगडा उतरलाय. बाईंना नेऊन देत्ये. त्या एकीसाठी चूल पेटवायचा कंटाळा करतात, म्हणून मग मीच तळून नेत्ये आणि तिथेच बसून दोघी जेवतो. त्या फार बोलत नाहीत. काल म्हणाल्या, "काकू, तुमची पत्रं लिहिल्यापासून मलाही एका माणसाला लिहावंसं वाटतंय." कोणाला, ते मी विचारलं नाही. विचारलंही असतं, पण काटा लागला होता.

गंगाराम आता आपल्या गल्लीत आला की आधीसारखी घंटी वाजवत नाही. गुपचूप जातो. त्याला कोणीतरी सांगा, सायकलच्या चेनचा आवाज मला घरात येतो.

आजी

भाट्ये
वर्षश्राद्धाचा दुसरा दिवस
२१ नोव्हेंबर

राही,

तुझं पत्र परवा आलं. गंगाराम अंगणाच्या तोंडाशी थांबला नाही. थेट ओटीवर चढला, चपला न काढता. मी पाकीट उघडलं नाही. पाकीट हातात, आणि वाचता येत नाही, हे एवढं आधी कधी टोचलं नव्हतं. बाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूहळू वाचलं. तू लिहिलंस तेच परत तुला लिहित्ये, कारण मी ते बाईंकडून चार वेळा वाचून घेतलंय आणि आता पाठ झालंय.

"आजी, माझी परीक्षा आबा गेले त्या दिवशी नव्हती. आदल्या दिवशीच झाली. दुपारी साडेबाराला मी बाहेर आले. पेपर फार वाईट गेला असं वाटलं. तुम्हाला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. आबांनी विचारलं असतं, कसा गेला, आणि आबांशी मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, उद्या लावीन. पास झाले, पण ते तुला सांगितलंही नाही. तुझ्यावर रागावणं मला सोपं पडलं."

बाईंनी मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. त्यांना जुनी कॅलेंडरं ठेवायची सवय आहे. तू फोनवर म्हणाली होतीस, पंधरा दिवसांनी परीक्षा. तो दिवस त्रिपुरी पुनवेचा. आता मी आयुष्यभर दिवस मोजले ते पाण्यावरून. पुनवेपासून पंधरा म्हणजे अवस, आणखी काय? बोटांवर तिथी मोजल्या आणि धरून बसले. बाईंनी बोट फिरवलं. म्हणाल्या, "काकू, त्या पंधरवड्यात एक तिथी वाढली होती. तो सोळा दिवसांचा आला." आणि जरा थांबून, "अवस रविवारी होती. रविवारी कुठे परीक्षा असते?"

आपल्या वाडीत कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. सर्वेशला विचारलं असतं. पण तिथी मला विचारायला लोक येतात गो, मी कशी कोणाला विचारू?

तुझ्याकडे साडेबारा म्हणजे इथे सहा. दिवे लागायची वेळ. बाईंनी हे कागदावर मांडून दाखवलं आणि मग स्वतःच तो कागद उलटा केला. आपण दोघी एकाच वेळी फोन जवळ घेऊन बसलो होतो, तो लावायचा नाही म्हणून. मधे म्हातारा.

काल श्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला, त्यांना कधी उपास सहन झाला नाही. आज संध्याकाळी बाईंकडे हे पत्र सांगायला बसले.

तू खाली विचारलंयस, "आबांना काय बोलायचं होतं? तुला ठाऊक असणार, आजी."

मी सांगितलं आणि बाईंनी लिहिलं, ते असं: त्यांना म्हणायचं होतं की राहीने घराण्याचं नाव काढलं, मी समाधानाने जातो, तिला माझा आशीर्वाद सांग.

बाईंनी चष्मा काढला. "काकू, आबा असं बोलायचे?"

"नाही."

"मग?"

म्हटलं, खोडा. त्या म्हणाल्या, "खोडत नाही. राहू दे. त्याच्याखाली खरं सांगा."

तर खरं. सप्टेंबरात मी लिहिलं, ठाऊक नाही. ठाऊक होतं. "दोन मिनिटं" म्हटल्यावर ते पुढे बोलले होते. म्हणाले, "एवढंच विचारायचंय, तिकडं भरतीचं पाणी कुठवर चढतं."

मला राग आला, राही. तीन रात्री जागलेली, माणसाला धड श्वास येत नाही, आणि यांना परमुलखातलं पाणी मोजायचंय. म्हटलं, हे काय परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारायचं? पाणी काय कुठे पळून जातंय? मोठं काही असतं तर लावला असता गो. शप्पथ लावला असता. पण पाणी कुठवर चढतं, यासाठी पोरीची परीक्षा मोडायची, असं वाटलं मला. पन्नास वर्षं ज्या माणसाने रोज सकाळी उठून पहिलं पाणी बघितलं, त्याने आणखी काय विचारायचं होतं, ते मला नंतर कळलं.

बाईंनी नकाशात बघितलं. तुझं गाव समुद्राला लागून आहे म्हणाल्या. हे पत्र पोचेपर्यंत पुढची अवस येईल. मागच्यासारखं मोजू नकोस, तारखेने बघ. अवसेनंतर दोन दिवसांनी मोठी भरती असते. धक्क्यावर जा. ओहोटीला किती पायऱ्या उघड्या पडतात ते मोज, आणि पाणी भरल्यावर किती उरतात ते मोज. दगडावर शेवाळ्याची रेघ असेल, तिच्या वर चढतं का बघ. मग मला सांग. पत्रात सांग, नाहीतर फोन कर. आबांना हवं होतं म्हणून नको. तेव्हा मी त्यांना विचारू दिलं नाही, आता मीच विचारत्ये.

पाणी कुठवर चढतं, राही?

गमबूट घालून जा. तिकडचं पाणी गार असणार.

आजी